आकारामाचा डावा अंगठा

१

सयाजी देसाईला जामीन मिळाला आणि कोर्टाच्या आवारात बिबीजाननं पायातली चप्पल काढली. ती तिनं सयाजीवर फेकली नाही, आकाराम खोतावर फेकली.

चप्पल म्हाताऱ्याच्या खांद्यावर बसली. आकाराम आधीच सुजलेल्या तोंडाचा, दोन पावलं टाकली की भिंत शोधणारा माणूस. तो खाली वाकला, चप्पल उचलली आणि तिच्यासमोर नेऊन ठेवली.

"मार की आणिक," तो म्हणाला. "पर म्या लिहून दिल्यालं न्हाय."

"माझ्या पोराचा मुडदा इकून खाल्लास तू!" बिबीजान किंचाळली. "वर तोंड करून बोलतोयास?"

फौजदार ख्वाजा नदाफ मधे पडला आणि बाईला बाजूला नेलं. खरं सांगायचं तर त्याचाही हात शिवशिवत होता. त्यालाही त्या म्हाताऱ्याच्या कानफटात द्यावीशी वाटत होती.

कुरणवाडी हे बिद्रीच्या पुढचं नदीकाठचं गाव. तिथल्या पाणीपुरवठा संस्थेची मोटर चालवणारा दस्तगीर हा बिबीजानचा एकुलता मुलगा. संस्थेचा चेअरमन सयाजी देसाई. फाल्गुनात नदी आटली आणि पाण्याच्या पाळ्या लागल्या. पाळी नसताना सयाजीनं आपल्या उसाला पाणी सोडायला सांगितलं, दस्तगीरनं ऐकलं नाही. व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी चावी सयाजीनं त्याच्या डोक्यात घातली आणि त्याला विहिरीत ढकललं. हे पाहणारा एकच माणूस होता. बांधावर वैरण कापत बसलेला आकाराम खोत.

त्या दिवशी आकाराम स्वतः चौकीवर चालत आला होता. "म्या बगितलं. लिहून घ्या," म्हणाला होता. सयाजीसारख्याच्या विरोधात कुणी असं येत नाही. ख्वाजानं त्याला स्वतःच्या हातानं पाणी दिलं होतं.

आणि आता सयाजीच्या वकिलानं कोर्टात प्रतिज्ञापत्र काढलं. 'मी काहीही पाहिलेले नाही. पोलिसांनी दमदाटी करून माझे नाव घातले.' खाली डावा अंगठा, आकाराम रामा खोत.

ख्वाजाच्या बिरादरीत वेगळंच बोललं जात होतं. आपला फौजदार असून आपल्या पोराला न्याय नाही, देसायानं त्यालाही गिळलं असणार. कुरणवाडीत उलटं. मेलेला त्यांचा, फौजदार त्यांचा, मग सयाजीरावाला अडकवणारच की. दोन्हीकडून शिव्या खाऊन ख्वाजाचं डोकं तापलेलं होतं.

त्यानं आकारामला तिथूनच चौकीवर आणलं, त्याचा अंगठा शाईत दाबला आणि कागदावर उठवून तो ठसा पुण्याला सरकारी तज्ज्ञाकडे पाठवला.

पुण्याहून उत्तर आलं. दोन्ही ठसे एकाच अंगठ्याचे.

२

"आता काय बोलतोस?" ख्वाजानं दोन्ही ठशांचे मोठे केलेले फोटो म्हाताऱ्यापुढे आपटले. "सरकारी तज्ज्ञ सांगतोय, अंगठा तुझाच हाय."

आकारामनं फोटोंकडे पाहिलं. त्याला अक्षरओळख नव्हती, पण स्वतःचा अंगठा ओळखता येत होता.

"माझाच असंल. पर म्या दिल्याला न्हाय."

"मग अंगठा काय एकटा चालत गेलता?"

"त्ये तुमी हुडका. फौजदार तुमी हाईसा." म्हातारा थांबून धाप टाकू लागला. "झोपंत कुणी घेटला असता तर जागा झालो असतो. माझी झोप कुत्र्याची. दारू म्या पीत न्हाय. आन् बेशुद्ध म्हणशीला तर जल्मात कवा पडलो न्हाय."

"खोटी साक्ष दिली म्हणून आत टाकीन तुला."

"टाका. निस्तं मशीनवर न्हेत जावा, न्हायतर तिथंच मरीन."

आकारामची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. शहरात, राजारामपुरीतल्या एका खासगी दवाखान्यात रक्त धुवायचं मशीन नुकतंच आलं होतं. आठवड्यातून दोनदा तो तिथं जायचा. बरोबर बायको तानाबाई असायची. आताही ती बाहेर बाकावर बसली होती. पदर तोंडावर, नजर जमिनीत.

"चल नीघ," ख्वाजा म्हणाला.

म्हातारा गेला. ख्वाजानं फोटो उचलले, फाडायच्याच बेतात होता, आणि थांबला.

चौकीत घेतलेल्या ठशावर रेघांच्या मधून एक पांढरा पट्टा आडवा गेला होता. भाजल्याचा वण. प्रतिज्ञापत्रावरच्या ठशात तो नव्हता. तिथं रेघा शेवटपर्यंत सलग होत्या.

दुसरी गोष्ट त्याहून विचित्र होती. प्रतिज्ञापत्रावरचा अंगठा उलटा होता. टोक कागदाच्या तळाकडे.

ख्वाजानं शिपायाला हाक मारली. "म्हाताऱ्याला परत बोलीव. पळ!"

आकाराम फाटकापाशीच बसला होता. ख्वाजा स्वतःच बाहेर आला. "अंगठा कवा भाजला?"

"दवाखान्यात. हाताचं आपरेशन झालं त्याच दिवशी. च्याचा गलास."

"जोतिबाच्या यात्रेआधी का नंतर?"

"आधी. यात्रेला गाव गेलं तवा माझा अंगठा फडक्यात हुता."

प्रतिज्ञापत्रावरची तारीख यात्रेनंतरची होती.

३

नोटरी इंगवले वकील कोर्टाच्या आवारात पिंपळाखाली टेबल टाकून बसायचा. ख्वाजा आला तेव्हा एक म्हातारी त्याच्यापुढे उभी होती. इंगवल्यानं कागद फिरवून तिच्याकडे केला, तिचा अंगठा धरला, शाईत लोळवला आणि नेमक्या जागी दाबला. ठसा सरळ, उभा उठला. ख्वाजानं ते नीट पाहून घेतलं.

"आकाराम खोत तुमच्यासमोर आला होता?"

"आला होता. स्वतःच्या पायांनी. वाचून दाखवलं, समजलं म्हणाला, अंगठा दिला. शिक्का माझा, सही माझी. अजून काय पाहिजे?"

"त्याच्या अंगठ्याला काय होतं?"

इंगवल्याची पापणी हलली नाही. "अंगठ्याला काय असायचंय? तुम्ही मेलेल्याचे सोयरे असल्यासारखे हिंडताय, नदाफ. वर्दी घातलीय ती विसरू नका."

"वर्दी आहे म्हणूनच नुसतं विचारतोय," ख्वाजा म्हणाला.

तिथून तो थेट दवाखान्यात गेला. भूलतज्ज्ञ डॉक्टर निर्मला हेरलेकर ऑपरेशन आटोपून हात धूत होत्या. पोलीस म्हटल्याबरोबर त्यांच्या कपाळावर आठी आली.

"त्या भाजण्याबद्दल तक्रार आली का? मी बजावून सांगितलं होतं. माझा त्यात काही दोष नाही."

"तक्रार नाही. मला एवढंच सांगा, त्या दिवशी आकारामला बेशुद्ध केलं होतं का?"

"मुळीच नाही." त्यांनी टॉवेल आपटला. "किडन्या गेलेल्या माणसाला पूर्ण भूल द्यायची म्हणजे जुगार. रक्त पातळ, छातीत पाणी, हृदय कधी दगा देईल सांगता येत नाही. मशीनसाठी हातातली शीर मोठी करावी लागते. मनगटाजवळ धमनी आणि नीला एकमेकींना जोडतात. तेवढ्यासाठी आख्खा माणूस कशाला झोपवायचा? मी फक्त हात झोपवते."

"म्हणजे?"

डॉक्टरांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि स्वतःच्या मानेच्या बुडाशी, डाव्या हासळीच्या हाडाच्या वर बोट ठेवलं. "हाताला जाणाऱ्या सगळ्या नसा इथून एकत्र जातात. इथं सुई घालायची. बोटांत झटका आला की पेशंट सांगतो, सुई बरोबर बसली. मग औषध सोडायचं. थोड्या वेळानं हात जड होतो, गरम होतो, मग पडतो. कापलं तरी कळत नाही, हलवायला गेलं तर हलत नाही. माणूस मात्र टक्क जागा असतो. गप्पा मारतो."

"आणि ऑपरेशन झाल्यावर?"

"मी दिलं ते औषध लांब चालणारं. सकाळी दिलं की संध्याकाळपर्यंत हात तसाच. म्हणून तर हात सांभाळायला माणूस लागतो. खाटेवरून लोंबकळला, दांडीत अडकला, गरम कशाला लागला तरी पेशंटला पत्ता लागत नाही. त्याच्या बायकोच्या मांडीवर उशी ठेवून मी स्वतः तो हात ठेवला. म्हटलं, बाई, हात शुद्धीवर येईपर्यंत इथून हलायचं नाही. आणि एवढं सांगूनही अंगठा भाजला."

ख्वाजा उभ्याउभ्याच खुर्चीच्या पाठीला टेकला. माणूस जागा. हात मेलेला. आणि त्या हाताचा अंगठा कुणीही उचलून कुठंही दाबावा.

"अंगठ्याला पट्टी कुणी केली?"

वॉर्डातल्या सिस्टर रशिदा पुढे आल्या. पोलिसांपुढे त्या चाचरतच बोलल्या. "मीच केली. फोड आला होता. धुताना नखाच्या कडेला जांभळं दिसलं. मला वाटलं, ऑपरेशनआधी शिरेवर खूण करतात ते औषध असेल."

डॉक्टर एकदम वळल्या. "रशिदा, खूण मनगटावर करतात. अंगठ्याला कोण कशाला करेल?"

बाहेर कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचरची चाकं वाजली. ख्वाजाला एवढं कळलं होतं की ते जांभळं औषध नव्हतं, शाई होती.

४

आता एकच प्रश्न उरला. त्या दिवशी त्या हाताजवळ कोण कोण गेलं?

वॉर्डबॉय गुंडू हा अंगानं आडवा आणि तोंडानं फटकळ. "माझ्यावर ढकलायला आलाईसा व्हय?" तो पहिल्याच वाक्याला अंगावर आला. "मी खाटेवर आणून घातला आन् गेलो. तिथनं पुढं बायकू आन् त्यो. च्या मीच ठिवला स्टुलावर. तवा बाई जाग्याव न्हवती. मला वाटलं, मोरीकडं गेली असंल."

"म्हाताऱ्याचा हात?"

"शाल पांघरल्याली. हात खाली घसारला असंल, बोटं गलासाला टेकल्याली. मी माघारी आलो तवा त्यो खुशाल बडबडतोय, आन् हिकडं अंगठा शिजतोय."

"आणखी कुणी आलं होतं?"

गुंडूनं मान खाजवली. "जावई हुता. जिन्यात उभा राहून बिड्या वडत हुता. हटकला तर मलाच म्हणतोय, तुझ्या बाचा जिना हाय का?"

जावई म्हणजे जोतीराम. आकारामच्या थोरल्या मुलीचा नवरा, आणि सयाजीच्या पाणीपुरवठा संस्थेचा सेक्रेटरी. ख्वाजानं त्याला संस्थेच्या ऑफिसातच गाठलं. जोतीरामनं बसायलाही सांगितलं नाही.

"सासऱ्याच्या ऑपरेशनला गेलतास?"

"न्हाय. मला हितं काम असतंय."

"जिन्यात तुला बघणारा माणूस हाय."

जोतीरामचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "गेलो असंन. सासरा हाय. भेटायला जाऊ नये?"

"मग न्हाय कशाला म्हणालास?"

"तुमच्या तोंडाला लागायचं न्हाय म्हणून." तो टेबलावर वाकला. "नदाफसाहेब, ह्या गावात तुमच्या बाजूनं एक माणूस उभा ऱ्हात न्हाय. सासरा एकटा हुता, त्योबी फिरला. आता गुमान जावा."

बाहेर जीपपाशी पोरंटोरं आणि बाप्ये जमले होते. कुणीतरी मागून दगड टाकला. जीपची मागची काच तडकली. ख्वाजानं वळूनही पाहिलं नाही. जोतीराम दवाखान्यात होता. त्याला कारण होतं, संधी होती, आणि तो खोटंही बोलला होता. त्याला उचलायला एवढं पुरेसं होतं.

जीप कागलपर्यंत आली आणि ख्वाजानं ड्रायव्हरला थांबवायला सांगितलं.

जोतीराम दिवसभर कागदच लिहितो. इंगवले कागद फिरवून माणसाकडे करतो. गुंडू केसपेपर वाचून औषधं आणतो. लिहिता-वाचता येणारा माणूस कितीही घाईत असो, कागद उलटा धरत नाही. त्याचा डोळाच धरू देत नाही. अंगठा उलटा उठला, म्हणजे तो कागद ज्याच्या हातात होता त्याला कागदाचं डोकं कुठं आणि पाय कुठं हे कळत नव्हतं. त्याला फक्त जागा दाखवली होती. पेन्सिलची फुली असणार, नंतर खोडलेली. तिथं दाब.

आणि डॉक्टरांनी हात ज्याच्या मांडीवर ठेवला होता, त्यानं तो मधेच सोडला होता. का सोडला? हातातलं काहीतरी जिन्यात उभ्या असलेल्या माणसाला नेऊन द्यायचं होतं.

"माघारी फिरवू का गावाकडं, साहेब?" ड्रायव्हरनं विचारलं.

"नको. दवाखान्यात चल. आज त्यांचा मशीनचा दिवस हाय."

५

मशीनच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आतून मोटरची घरघर येत होती. आकाराम खाटेवर पडून होता. डाव्या हातात दोन जाड सुया, त्यातून लाल नळ्या मशीनकडे गेलेल्या. तानाबाई दाराबाहेर बाकावर बसली होती.

ख्वाजा तिच्या शेजारी बसला नाही. समोर उभा राहिला.

"तानाबाई, आपरेशनच्या दिवशी हात तुझ्या मांडीवर हुता. मधीच उठून कुठं गेलतीस?"

"मोरीला."

"मोरी वॉर्डाच्या त्या टोकाला हाय. तू जिन्याकडं गेलीस."

तिनं पाय बाकाखाली ओढून घेतले.

"कागदावर पेन्सिलीनं फुली कुणी केली? जोतीरामनं?"

पदर तसाच राहिला, पण तिची बोटं त्याच्या काठावर घट्ट आवळली गेली.

"शाल हुती पांघरल्याली," ख्वाजा म्हणाला. "मधी उशी. त्येंला दिसणार न्हवतं, आन् कळणारबी न्हवतं. काय बोलत हुतीस गं त्यांच्याशी तवा?"

आतून आकारामचा आवाज आला. मशीन चालू असल्यानं त्याला उठता येत नव्हतं, पण कान तिखट होते.

"म्हशीचं बोलत हुती," तो म्हणाला. "एरवी चार शब्द बोलायची न्हाय. त्या दिवशी म्हस कशी व्याली, रेडकू कसं उठलं, सारं सांगत बसली. मला वाटलं, मी वाचलो म्हणून हरकली आसंल." तो थांबला. पुढचा आवाज वेगळाच निघाला. "अगं ए... तू?"

तानाबाईनं पदर मागं टाकला. तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं. बाई चवताळलेली होती.

"व्हय, म्याच घेटला!" ती उभी राहिली. "काय करू मग? जोतीराम येऊन सांगून गेला, सयाजीराव म्हाताऱ्याला कोर्टाची पायरी चढू द्यायचा न्हाय. आज न्हाई उद्या उसात सापडंल न्हायतर पाटात. ह्यो माणूस कुणाचं ऐकतोय का? चौकीवर जाऊ नगा म्हणून पायाला मिठी घाटली, मला ढकलून गेलं! डाक्टरीणबाईनं ह्यो हात माझ्या मांडीवर दिला. मेल्यागत पडल्याला. म्हणली, ह्येच्यावर आता त्येंचा जीव हाय. मग त्यो जीव मी वाचवायचा का त्या मेलेल्या पोराचा न्याय करत बसायचा?"

"त्या पोराची आई हाय," ख्वाजा म्हणाला.

"असंल! मलाबी नवरा हाय!"

सिस्टर रशिदा धावत आल्या. आत आकारामचा श्वास वाढला होता, मशीनची घंटी वाजत होती. त्यांनी नळी सरळ केली, घंटी थांबली.

"बाई," आकाराम छताकडे बघत म्हणाला, "मला जगवलंस आन् माझं तोंड मारलंस. गावातलं कुत्रं माझ्याकडं बगत न्हाय. तू रोज शेजारी बसून भाकरी वाढत हुतीस, आन् बगत हुतीस."

"जित्ता हाईसा न्हवं?" ती ओरडली. "मला तेवडं बास हाय!"

आकारामनं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही.

६

जोतीराम दुसऱ्या दिवशी संस्थेच्या ऑफिसातून उचलला गेला. तानाबाईनं सगळं सांगितलंय हे कळल्यावर त्याचं उसनं अवसान गळालं. कोरा स्टँपपेपर त्यानं आणला, मजकूर इंगवल्यानं नंतर टाइप करून घेतला, पेन्सिलची फुली खोडली, तारीख यात्रेनंतरची टाकली. अंगठा उलटा आहे हे इंगवल्यानं पाहिलं होतं. "खेडवळ म्हाताऱ्याचा अंगठा कोण बघतंय?" असं तो म्हणाल्याचं जोतीरामनंच सांगितलं.

डॉक्टर हेरलेकर कोर्टात आल्या. इंगवल्याच्या वकिलानं त्यांना घेरलं. हात मेला आणि माणूस जागा, हे कसं शक्य आहे, न्यायासनाची दिशाभूल चालली आहे वगैरे. डॉक्टर चिडल्या नाहीत. स्वतःच्या मानेवर बोट ठेवून त्यांनी शांतपणे सगळं पुन्हा सांगितलं, आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, "आपण दवाखान्यात या. मी आपलाच हात झोपवून दाखवते. मग आपण त्यानं काय काय लिहून देता ते पाहू." न्यायाधीशांनी खाली पाहून पेन उचललं.

सयाजीचा जामीन रद्द झाला. तानाबाई माफीची साक्षीदार झाली. कुरणवाडीत तिच्या दारावर शेण फेकलं गेलं. आधी सयाजीच्या माणसांनी, मग दस्तगीरच्या माणसांनी. ती रोज सकाळी झाडून टाकायची आणि नवऱ्याला घेऊन मशीनवर जायची. तो तिच्या हातचं खायचा. शब्द मात्र द्यायचा नाही.

खटला उभा राहिला तेव्हा आकाराम खुर्चीत बसून साक्ष द्यायला आला. सयाजीच्या वकिलानं प्रतिज्ञापत्र त्याच्या नाकापुढे नाचवलं.

"हा अंगठा तुमचा आहे की नाही? हो किंवा नाही, एवढंच सांगा."

"अंगठा माझाच," आकाराम म्हणाला. "जबान माझी न्हवं. जबान आत्ता देतोय, ती घ्या." आणि त्यानं सांगितलं. पाणी, पाळी, लोखंडी चावी, विहिरीतला आवाज. धाप लागली की थांबायचा आणि पुन्हा सुरू करायचा. सयाजीकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. बिबीजानकडे पाहून बोलला.

निकाल लागायच्या आधीच आकाराम गेला. हृदय थांबलं. मशीनवर नव्हे, घरी, उंबऱ्यावर बसलेला असताना. तानाबाई आत भाकरी थापत होती. शेवटपर्यंत तो तिच्याशी बोलला नव्हता.

निकालाच्या दिवशी कोर्टाचं आवार भरलं होतं. सयाजीची माणसं एका बाजूला, दस्तगीरच्या बिरादरीतली दुसऱ्या बाजूला, मधे पोलीस. तानाबाई एकटीच आली. कपाळ मोकळं. दोन्हीकडच्या माणसांनी तिला पाहून तोंड फिरवलं. एक बाई थुंकली. व्हरांड्याच्या टोकाला एक बाक होता, त्याच्या मधोमध ती जाऊन बसली. शेजारी कुणी बसलं नाही.

ख्वाजा दारात उभा होता. त्याच्या मनातही तिच्याबद्दल माया नव्हती. ह्या बाईनं त्याची केस बुडवली होती, आणि एका आईचं मेलेलं पोर दुसऱ्यांदा मारलं होतं.

आतून शिरस्तेदारानं येऊन सांगितलं. जन्मठेप.

एका बाजूनं आरडाओरडा उठला. दुसऱ्या बाजूनं कुणी मोठ्यानं अल्लाचं नाव घेतलं. पोलिसांनी काठ्या आडव्या धरल्या. त्या गर्दीतून बिबीजान बाहेर आली. ती रडत नव्हती. बिरादरीतल्या बायका तिला हात धरून नेऊ लागल्या, तिनं हात सोडवून घेतला. व्हरांड्यातून सरळ चालत ती त्या बाकापाशी आली आणि तानाबाईसमोर उभी राहिली.

ख्वाजा पुढे झाला. आता मारामारी होते, असंच त्याला वाटलं.

तानाबाईनं मान वर केली. हात मात्र जोडले नाहीत.

"सरक," बिबीजान म्हणाली.

तानाबाई सरकली. बिबीजान बाकावर बसली, पायातल्या चपला काढल्या आणि दोन्ही पाय वर घेतले. दोघी दोन दिशांना बघत होत्या. गर्दी पांगेपर्यंत त्यांच्यातली एकही उठली नाही.